परराष्ट्र-व्यवहारांच्या विद्यार्थी-गटात प्रवेश घेताना: बडोद्याच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

महाराजा सयाजीराव विद्यापीठातील नवे वर्ग सुरू होऊ लागले, की आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थी-गटांच्या सूचना फॅकल्टीच्या फलकांवर आणि त्याहून लवकर व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरू लागतात. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा भागांतल्या मराठी घरांतून येणारे बरेच विद्यार्थी ती सूचना वाचतात, ‘आपल्याला एवढे इंग्रजी कुठे बोलता येते’ असे मनाशी म्हणतात आणि पुढे सरकतात. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. अशा गटात बोलणाऱ्यांची वानवा कधीच नसते. वानवा असते ती मूळ कागद वाचून त्याचे एक पानी टिपण वेळेवर आणून देणाऱ्यांची. म्हणून नवागताने आपली सगळी तयारी त्या बाजूने करावी, असे माझे मत आहे आणि पुढील सूचना त्याच मताला धरून आहेत.

गट कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी पाहावे

नाव काहीही असले तरी या गटांचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार अभ्यासमंडळाचा: आठ-पंधरा दिवसांनी एक बैठक, एका सभासदाचे टिपण आणि त्यावर चर्चा. दुसरा प्रकार एमयूएन सोसायटीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या परिषदांची तयारी करणारा आणि स्वतःही अशी परिषद भरवणारा गट. तिसरा प्रकार लेखन करणाऱ्यांचा असतो. ही मंडळी मासिक वार्तापत्र किंवा लहानसे नियतकालिक काढतात. प्रत्यक्षात एकच गट तिन्ही कामे करतो. मात्र वर्षभराचा वेळ आणि पैसा कोणत्या कामावर खर्च होतो, यावरून त्याचा खरा स्वभाव कळतो.

चौकशी करताना एखाद्या जुन्या सभासदाला गाठून चार गोष्टी सरळ विचाराव्यात. गेल्या वर्षी किती बैठका झाल्या आणि त्यांत कोणते विषय घेतले गेले? मार्गदर्शक म्हणून कोणी शिक्षक आहेत का? वर्गणी किती आणि हिशेब कोण ठेवतो? पुढच्या वर्षाचे पदाधिकारी कसे ठरतात? पहिल्या प्रश्नाला ‘बरेच काही केले’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या गटात बैठकांपेक्षा पोस्टर जास्त निघतात असे खुशाल समजावे. मार्गदर्शक शिक्षक नसणे हा दोष नाही, पण सभागृह मिळवताना किंवा बाहेरचा वक्ता बोलावताना त्यांची सही लागते, त्यामुळे कधी ना कधी ही अडचण येतेच.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी असणे मुळीच आवश्यक नाही. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला व्यापारी निर्बंध आणि चलनाचा विषय लवकर समजतो, लॉ फॅकल्टीचा विद्यार्थी कराराची कलमे न घाबरता वाचतो आणि टेक्नोतला, म्हणजे तंत्रज्ञान फॅकल्टीतला, विद्यार्थी अणुऊर्जा किंवा सेमीकंडक्टर यांवर जे सांगू शकतो, ते इतरांना पुस्तकातूनही चटकन मिळत नाही. ज्या गटात एकाच फॅकल्टीची, एकाच तुकडीची मुले आहेत, तिथली चर्चा दोन-तीन महिन्यांत गोल गोल फिरू लागते. शक्य असेल तर मिश्र गट निवडावा.

बैठकीला जाण्यापूर्वी एक प्रश्न निवडावा

‘मला जागतिक राजकारणात रस आहे’ हे वाक्य घेऊन येणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी पंधरा दिवस आधी एकच लहान प्रश्न निवडून त्यावर वाचन करावे. प्रश्न जितका जवळचा, तितका बरा. आणि बडोदेकराला तर तो शोधायला फार लांब जावेच लागत नाही. 1908 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली उभी राहिलेली बँक ऑफ बडोदा 1953 मध्ये पूर्व आफ्रिकेत शाखा का उघडते, हा गुजराती व्यापाऱ्यांच्या स्थलांतराचा, ब्रिटिश साम्राज्याचा आणि पुढे स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांशी आपल्या संबंधांचा प्रश्न आहे. बडोद्याजवळच्या सावली या गावच्या कारखान्यात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडसाठी रेल्वेगाड्या बांधल्या गेल्या, हाही परराष्ट्र-व्यवहारच आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावे तर 28 ऑक्टोबर 2024 चे आहे. त्या दिवशी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आणि आपले पंतप्रधान यांनी बडोद्यात सी-295 या मालवाहू विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन केले. शहरभर फलक लागले होते आणि रस्ते बंद होते, एवढी आठवण प्रत्येकाला असते. त्यामागचा करार सप्टेंबर 2021 चा आहे. एकूण 56 विमाने, त्यांपैकी 16 स्पेनमध्ये तयार होऊन येणारी आणि 40 टाटांच्या कारखान्यात, म्हणजे इथे, बांधली जाणारी. हवाई दलाच्या जुन्या ॲव्हरो विमानांची जागा त्यांनी घ्यायची आहे. आता यातून प्रश्न पाहा. विमान विकणारा देश कारखानाही का देतो? सुटे भाग कुठून येतात? पुढे तिसऱ्या देशाला हे विमान विकायचे झाले, तर परवानगी कोणाची लागेल? यांपैकी एका प्रश्नावर दोन पाने वाचून गेलेला विद्यार्थी पहिल्याच बैठकीत काहीतरी उपयोगी बोलू शकतो, मग त्याला व्हिएन्नाच्या परिषदांचा इतिहास पाठ नसला तरी चालते.

वाचायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रवक्त्याच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेचे शब्दांकन, द्विपक्षीय संयुक्त निवेदने आणि संसदेतील प्रश्नोत्तरे विनामूल्य मिळतात. संसदेतील उत्तरे विशेष उपयोगी पडतात, कारण ती थोडक्यात असतात आणि सरकारला त्यांची जबाबदारी घ्यावी लागते. पत्र सूचना कार्यालयाची बरीच निवेदने मराठीतही निघतात. तीच इंग्रजीतून शेजारी ठेवून वाचली, की ‘सामंजस्य करार’, ‘निर्बंध’, ‘नकाराधिकार’ या शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात, हे वेगळे पाठांतर न करता कळते. पुस्तकांसाठी विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आहेच, आणि मराठी वाचन चालू ठेवायचे असेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचे सभासदत्व घ्यावे. चित्रफितींवर विसंबू नये असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या चित्रफितीत कराराची तारीखही सांगितलेली नसते, तिच्या आधारावर टिपण लिहू नये.

अर्ज आणि मुलाखत

बहुतेक गट एक साधा ऑनलाइन फॉर्म भरून घेतात आणि मग पाच-दहा मिनिटे बोलतात. फॉर्ममधला ‘तुम्हाला सभासद का व्हायचे आहे?’ हा प्रश्न सर्वांत जास्त वाया जातो. ‘माझे व्यक्तिमत्त्व विकसित करण्यासाठी व व्यासपीठ मिळवण्यासाठी’ असे उत्तर लिहिणाऱ्याचा फॉर्म वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याच जागेत असे लिहून पाहावे:

‘मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे. सी-295 विमानांच्या करारासंबंधीची संसदेतील उत्तरे मी वाचली आहेत आणि स्थानिक पुरवठादारांना त्यातून कोणते काम मिळते, यावर टिपण करण्याची माझी इच्छा आहे. मला हिशेब ठेवता येतो. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळतो. शनिवारी दुपारी वेळ देऊ शकतो.’

या पाच-सहा वाक्यांत विषय आहे, कौशल्य आहे, मर्यादा आहे आणि वेळ आहे. मुलाखत घेणारा तुमच्यापेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठा विद्यार्थी असतो आणि त्याला मुख्यतः हेच जाणून घ्यायचे असते, की हा मनुष्य तिसऱ्या बैठकीनंतरही दिसेल की नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘वाचलेले नाही’ असे सांगावे. स्वतःची राजकीय मते विचारली गेली तर ती सांगायला हरकत नाही, पण ती कशावर आधारलेली आहेत, हेही जोडीला सांगता आले पाहिजे.

पहिल्या दोन-तीन बैठका

पहिल्या बैठकीत इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्यावे. हे काम कोणालाच नको असते, त्यामुळे ते लगेच मिळते. आणि कोण काय म्हणाले, कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला, पुढच्या वेळी कोणी काय आणायचे, हे लिहिता लिहिता नवागताला गटाची अंतर्गत रचना एका महिन्यात समजते. इतिवृत्त त्याच रात्री पाठवावे. तिसऱ्या दिवशी आलेले इतिवृत्त कोणी उघडत नाही.

प्रश्न विचारताना आधी दोन मिनिटांचे भाषण करून शेवटी प्रश्नचिन्ह जोडण्याची जी सवय आपल्याकडच्या सभांत सर्वत्र दिसते, ती टाळावी. ‘तुम्ही म्हणालात की भारताने तेल घेणे कमी केले, हे आकडे कोणत्या महिन्याचे आहेत?’ एवढा प्रश्न पुरतो. वरच्या वर्गातल्यांना दादा, ताई म्हणावे की भाई, बेन, हे गटाच्या चालीवर सोडावे. बडोद्यात दोन्ही चालते आणि कित्येकदा एकाच वाक्यात चालते. शिक्षक मात्र सर आणि मॅडमच.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठी आणि गुजराती माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण तीच असते. बैठकीतील बोलणे बहुधा हिंदी, गुजराती आणि इंग्रजीच्या सरमिसळीत होते, परंतु टिपणे, पत्रे आणि परिषदेतील भाषणे इंग्रजीत असतात. यावर उपाय असा, की विचार आणि पहिला मसुदा मराठीतच करावा, मुद्दे क्रमाने लावावेत आणि मगच इंग्रजीत लहान लहान वाक्यांनी लिहावे. मराठीत ज्या मुद्द्याला शेंडाबुडखा नसतो, त्याला इंग्रजीतही तो येत नाही. तिथे फक्त तो लपतो. बोलताना कागदावर पूर्ण वाक्ये न लिहिता देशाचे नाव, तारीख, आकडा आणि मागणी एवढेच चार शब्द लिहून ठेवावेत. उच्चार चुकला म्हणून कोणी हसले, तर त्याने वाचलेल्या कागदाची तारीख विचारावी. बहुतेक वेळा हसणे तिथेच थांबते.

एक पानी टिपण कसे लिहावे

गटात तुमचे स्थान ठरवणारी गोष्ट हीच असल्यामुळे या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा. टिपणात पाच गोष्टी याव्यात: नेमके काय घडले आणि केव्हा, संबंधित पक्षांपैकी प्रत्येकाला काय हवे आहे, कोणता कायदा, करार किंवा ठराव लागू होतो, भारताची अधिकृत भूमिका कोणत्या तारखेच्या कोणत्या निवेदनात आहे, आणि पुढे कोणते दोन-तीन मार्ग संभवतात. लेखकाचे स्वतःचे मत शेवटच्या तीन ओळींत, वेगळे ओळखू येईल असे लिहावे. पान एकच असावे. दुसरे पान लिहिण्याची वेळ आली, तर बहुधा पहिल्या पानावर प्रस्तावना जास्त झालेली असते.

मूळ कागद वाचल्याने काय फरक पडतो, हे कुलभूषण जाधव प्रकरणावरून चांगले समजते. जाधव हे पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावलेले भारतीय नागरिक. भारताने मे 2017 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि 17 जुलै 2019 रोजी निकाल लागला. त्या दिवशी आपल्याकडच्या मथळ्यांत भारताचा विजय होता. पाकिस्तानातील नेत्यांनीही आपलाच विजय झाल्याचे सांगितले. हे दोन्ही कसे शक्य आहे, याचे उत्तर निकालपत्रातच मिळते. राजनैतिक प्रतिनिधींना आपल्या अटकेतील नागरिकाला भेटू देण्याविषयी 1963 च्या व्हिएन्ना करारातील 36 वे कलम पाकिस्तानने मोडले, असे न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी ठरवले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असा आदेश दिला. मात्र शिक्षा रद्द करून जाधव यांना सोडून द्यावे, ही भारताची मागणी मान्य केली नाही. म्हणजे पाकिस्तान ज्या मुद्द्यावर हरला, तो मुख्य होता आणि ज्यावर त्याने आनंद मानला, तोही खोटा नव्हता. निकालाचा सारांश न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि तो कोणत्याही पदवीच्या विद्यार्थ्याला एका बैठकीत वाचून होतो. नवागताने सराव म्हणून प्रथम हेच प्रकरण घ्यावे, असे मी सुचवीन: त्या दिवशीच्या तीन बातम्या आणि निकालाचा सारांश शेजारी ठेवून, बातमीत काय गळले, याची यादी करावी. ज्याने ही यादी एकदा केली, तो पुढे मथळ्यावरून टिपण लिहीत नाही.

आकडा आणि तारीख यांच्यापुढे आपण तो कुठून घेतला, हे समासात लिहून ठेवावे. चर्चेत कोणी ना कोणी ते विचारतेच.

एमयूएनची तयारी

एमयूएनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश आणि एक समिती मिळते आणि दोन-तीन दिवस त्याने त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून वागायचे असते. नवागत सर्वांत जास्त अडतो तो इथे: बडोद्याच्या मुलीला चीन किंवा पाकिस्तान मिळतो आणि ती भारताच्या बाजूने बोलू लागते. मिळालेल्या देशाची भूमिका प्रामाणिकपणे मांडणे हाच या खेळाचा नियम आहे, आणि समोरच्या पक्षाचा युक्तिवाद आतून समजून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

पहिल्या परिषदेसाठी आमसभेची एखादी मोठी समिती मागावी, कारण तिथे प्रतिनिधी पुष्कळ असतात आणि गप्प बसून शिकायला वाव मिळतो. सुरक्षा परिषदेत 15 च सभासद असतात. तिथे गप्प बसलेला लगेच दिसतो. हजेरी घेताना ‘प्रेझेंट’ म्हणावे, ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणू नये. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला ठरावावरील मतदानात तटस्थ राहता येत नाही, हे अनेकांना शेवटच्या दिवशी कळते.

तटस्थता ही पळवाट नसून भूमिका असते, हे समजण्यासाठी युक्रेनवरील मतदान अभ्यासावे. 25 फेब्रुवारी 2022 रोजी सुरक्षा परिषदेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला 11 मते मिळाली, एक मत विरोधात गेले आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती हे तीन देश तटस्थ राहिले. संमतीसाठी 9 मते पुरतात, तरीही ठराव पडला, कारण विरोधातले एक मत रशियाचे, म्हणजे नकाराधिकार असलेल्या कायम सभासदाचे होते. प्रश्न मग आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनात गेला आणि 2 मार्चला तिथे 141 देशांनी बाजूने, 5 देशांनी विरोधात मत दिले. भारतासह 35 देश तटस्थ राहिले. मतदानानंतर भारताने दिलेले स्पष्टीकरण वाचावे. अडकलेल्या भारतीयांना, त्यांत विद्यार्थी फार होते, बाहेर काढण्याची निकड आणि संवादाने मार्ग काढण्याचा आग्रह त्यात कसा मांडला आहे, कोणत्या देशाचे नाव घेतले आहे आणि कोणाचे घेतलेले नाही, हे पेन्सिलीने खुणावून पाहिले, तर मुत्सद्द्यांची भाषा कशी असते, हे कोणत्याही कार्यशाळेपेक्षा चांगले कळते.

ठरावाचा मसुदा लिहिणे ही वेगळीच कला आहे. त्याच्या पहिल्या भागात पार्श्वभूमीची कलमे येतात आणि दुसऱ्या भागात क्रमांक घातलेली कृतीची कलमे. व्याकरणाने पाहिले तर पूर्ण ठराव हे एकच लांबलचक वाक्य असते. ‘निषेध करते’ आणि ‘चिंता व्यक्त करते’ यांच्यातील अंतरावर खऱ्या संयुक्त राष्ट्रांतही रात्र रात्र वाद चालतात. आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या आणि 1948 च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांपुरता अर्थ निघू शकणारा शब्द बदलून तिथे सर्व मानवांचा उल्लेख यावा, हा आग्रह त्यांनी तडीस नेला. ग्रंथालयाच्या दारावरचे नाव रोज वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

मोकळ्या चर्चेच्या वेळी, ज्याला मुले ‘अनमॉड’ म्हणतात, सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याभोवती गर्दी जमते. नवागताने त्या गर्दीत शिरण्याऐवजी मसुदा टंकित करणाऱ्याच्या शेजारी बसावे आणि दोन नेमकी कलमे लिहून द्यावीत. चिटवर समविचारी देशांना निरोप पाठवत राहावे. बक्षिसाकडे फारसे लक्ष देऊ नये. परीक्षकांचे निकष परिषदेगणिक बदलतात.

खर्चाचे गणित मात्र आधी मांडावे. बाहेरच्या संयोजकांनी हॉटेलात भरवलेल्या काही परिषदांचे प्रवेशशुल्क, प्रवास आणि राहणे धरून एखाद्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च सहज ओलांडते, आणि तिथे मिळणारे प्रमाणपत्र पुढे कोणी विचारतही नाही. समितीची पार्श्वभूमी-पुस्तिका आधी मागावी. ती मिळत नसेल किंवा विश्वकोशातून उचललेली दिसत असेल, तर पैसे भरू नयेत. पहिले वर्ष आपल्याच गटाच्या सराव-बैठकांत काढले तरी काही बिघडत नाही.

कामे वाटून घेताना

दुसऱ्या सत्रापर्यंत नवागताकडे एखादी जबाबदारी येतेच. कार्यक्रमाची तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवावे: नवरात्रीत बडोद्यात संध्याकाळचा कोणताही कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो, उत्तरायणाच्या दोन दिवसांत सगळे गच्चीवर असतात, आणि सत्रपरीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस कोणाचेच नसतात. गणेशोत्सवात मराठी सभासदांना गृहीत धरू नये. सभागृहासाठीचा अर्ज डीनच्या कार्यालयात निदान दोन आठवडे आधी, मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीसह द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हरवला, तर तो दिलाच नव्हता असे ठरते.

वक्त्याला पत्र लिहिताना विषय, श्रोत्यांची अंदाजे संख्या, वेळ, भाषा आणि प्रवासखर्चाची तरतूद या गोष्टी पहिल्याच पत्रात असाव्यात. ‘आपल्या सोयीच्या कोणत्याही विषयावर बोलावे’ असे निमंत्रण देऊ नये. त्यातून वक्त्याची आत्मकथा ऐकायला मिळते. निवृत्त अधिकारी किंवा पत्रकार मोकळेपणाने बोलावेत असे वाटत असेल, तर लंडनच्या चॅटहॅम हाऊस या संस्थेत 1927 पासून चालत आलेला नियम लावता येतो: ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली, हे बाहेर सांगायचे नाही. नियम लावायचा असेल तर तो व्याख्यानाच्या आधी जाहीर करावा आणि त्या दिवशी मोबाइलवर चित्रण करू नये.

पोस्टर बनवणाऱ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. भारताचा नकाशा इंटरनेटवरून जसा सापडेल तसा उचलू नये. त्यात जम्मू-काश्मीर किंवा अरुणाचल प्रदेशाची सीमा चुकीची असण्याचा संभव मोठा असतो, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा 1961 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरावा किंवा नकाशा टाळावा.

गटाच्या नावाने राजकीय पक्षांच्या बाजूने वा विरोधात निवेदने काढण्याचा मोह निवडणुकांच्या दिवसांत काही जणांना होतो. सभासदाला नागरिक म्हणून स्वतःचे मत आहेच. गटाचे नाव त्याला जोडायचे असेल, तर सर्व सभासदांची बैठक घेऊन ठरवावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. पॅलेस्टाइन किंवा युक्रेन अशा विषयांवरील चर्चेत शब्द तापतात. अध्यक्षस्थानी बसलेल्याने दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना समान मिनिटे द्यावीत आणि घड्याळ सर्वांना दिसेल असे ठेवावे. एवढ्यानेही पुष्कळ भांडणे टळतात. उरलेली बैठकीनंतर सेव-उसळीच्या गाडीवर मिटतात.

पैशांचा व्यवहार शक्यतो एकाच्या खाजगी यूपीआय खात्यावर चालू देऊ नये. तसे करणे अपरिहार्यच असेल, तर दर महिन्याला जमा-खर्चाचा तक्ता ग्रुपवर टाकण्याची अट आधीच घालावी आणि पावत्यांची छायाचित्रे एका फोल्डरमध्ये ठेवावीत.

वर्षअखेर

विद्यार्थी-गट मोडतात ते बहुधा मार्चमध्ये, जेव्हा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षेच्या तयारीला लागतात आणि ईमेलचा पासवर्ड, वक्त्यांचे पत्ते, जुनी टिपणे व शिल्लक रक्कम ज्याच्या त्याच्याकडे राहते. म्हणून फेब्रुवारीतच हस्तांतराची बैठक ठेवावी. त्या बैठकीत वर्षभराची इतिवृत्ते, सर्व टिपणे, हिशेबाची वही, परवानग्यांच्या पोचपावत्या आणि संकेतशब्दांची यादी नव्या चिटणीसाच्या स्वाधीन करावी, दोघांनी यादीवर सही करावी आणि तिची एक प्रत मार्गदर्शक शिक्षकांकडे द्यावी. पुढल्या जूनमध्ये फलकावर लावायच्या सूचनेचा मसुदाही त्याच वेळी लिहून ठेवावा, आणि त्यात ‘इंग्रजी बोलता येणे आवश्यक नाही, वाचता आले म्हणजे पुरे’ ही ओळ ठळक अक्षरांत घालावी.